‘काय गावला?’ : होडीवाल्यांच्या गप्पांचा अर्थ काय?

मालवण : सकाळी आठ-नऊच्या सुमारास सिंधुदुर्गातल्या कुठल्याही लहान बंदरावर जा. देवगड असो, मालवण असो की वेंगुर्ला, गरीवाल्या होड्या परत येत असतात. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘काय गावला?’ आणि होडीतून उत्तरही बहुतेक एकच येतं, ‘काय नाय रे, कालवणापुरता.’ बाहेरच्या माणसाला वाटतं, चला, आज मासळी नाही. पण शेजारी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला लगेच कळतं की होडी नेहमीपेक्षा खाली बसलेली आहे, म्हणजे मासळी आहे.

गरी टाकून मासे पकडणारे, म्हणजे गरवायला जाणारे मच्छीमार लहान होडीने जातात. एका होडीत दोघे, फार तर तिघे-चौघे. तासन् तास तंगूस हातात धरून बसायचं. मग गप्पा चालतात. वाऱ्याच्या, पाण्याच्या, पेट्रोलच्या, मुलांच्या शाळेच्या, गणपतीला मुंबईहून कोण येणार त्याच्या. ऐकणाऱ्याला हा टाइमपास वाटतो. पण याच गप्पांवर त्यांचा धंदा चालतो आणि कधीकधी जीवही वाचतो. या गप्पांत नेमकं काय बोललं जातं आणि त्याचा अर्थ काय, ते समजून घेऊया.

खोटं कुठे बोलतात, खरं कुठे बोलतात

गरीवाल्यांच्या गप्पांचा एक न लिहिलेला नियम आहे. मासळी किती मिळाली आणि कुठे मिळाली, यात थोडं खोटं चालतं. ‘खयच्या बाजूक गेल्लस?’ असं विचारलं तर ‘थयच, वरच्या अंगाक’ एवढंच उत्तर मिळतं. वरचं अंग म्हणजे दोन मैलही असू शकतं आणि आठ मैलही. यात कुणी कुणावर रागवत नाही.

याचं कारण साधं आहे. समुद्राचा तळ सगळीकडे सारखा नसतो. बराच भाग चिखलाचा किंवा रेतीचा असतो. मधेच कुठेतरी खडक असतो. या खडकाच्या आसऱ्याला बारीक मासळी राहते आणि तिला खायला तांबोशी, गोबरा यासारखे मोठे मासे येतात. असा खडक घराच्या अंगणाएवढाही असू शकतो. दहा होड्या तिथे रोज गेल्या तर महिनाभरात तो रिकामा होतो. म्हणून जागा लपवली जाते. शेतकरी विहिरीचं पाणी कुठे लागलं ते सांगतो, पण गरीवाला आपला खडक सांगत नाही.

मात्र तीन गोष्टींत खोटं चालत नाही. वारा कसा आहे, पाण्याला ओढ किती आहे आणि कोण अजून परत आलेलं नाही. इथे ज्याच्याशी भांडण आहे त्यालाही खरं सांगावं लागतं. ‘उद्याक जावचा नाय, वारो फिरलो’ असं एखादा जुना तांडेल बोलला की बंदरावरचे चार जण तरी होडी वर ओढून ठेवतात.

खुणा कशा धरतात

मोबाइल नव्हता तेव्हा समुद्रातला अंगणाएवढा खडक परत कसा सापडायचा? त्यासाठी खुणा धरायच्या. पद्धत अशी. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकाच रेषेत येतील असं बघायचं. म्हणजे पुढे एखादा माड आणि त्याच्या बरोबर मागे डोंगराचं टोक. ही झाली एक रेघ. आता दुसऱ्या बाजूला बघायचं. किल्ल्याचा बुरूज आणि त्याच्या मागे देवळाचा कळस एका रेषेत आला की दुसरी रेघ मिळाली. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खडक.

शेतात बांधाचे दोन दगड धरून हद्द ठरवतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे दगड किनाऱ्यावर आणि हद्द समुद्रात. या खुणा बापाकडून मुलाकडे जायच्या. त्यामुळे एखादा जुना माड पडला किंवा टेकडीवर नवीन इमारत उभी राहिली की बंदरावर त्याची चर्चा होते. बाहेरच्याला वाटतं, एका माडाचं एवढं काय? पण तो माड कुणाच्या तरी खडकाची खूण असतो.

आता जीपीएस आलं. जागा एकदा साठवली की धुक्यातही सापडते. काही होड्यांवर मासे आणि तळ दाखवणारं यंत्रही असतं. तरी जुने लोक खुणा सोडत नाहीत. यंत्राची बॅटरी संपते, पाणी लागून ते बंद पडतं, पण डोंगर जागचा हलत नाही.

गप्पांत खोलीचं माप अजून ‘वाव’मध्ये येतं. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. ‘आठ वाव पाण्यात होतो’ म्हणजे सुमारे ४८ फूट, साडेचौदा मीटर खोल. तंगूस वर ओढताना हातांनी मोजत जायचं, त्यातून हे माप पडलं.

तिथी विचारतात ती भरतीसाठी

होडीवाल्यांच्या गप्पांत तिथी सारखी येते. ‘आज पंचमी ना?’ असं कुणी विचारलं तर त्याला उपास नाही, भरती किती वाजता आहे ते काढायचं असतं.

कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांत चालतो.

असं का होतं? चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, म्हणून तीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तोंडी हिशेबाला ते पुरतं. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणून सकाळी पावणेचारला भरती असेल तर दुपारी सव्वाचारच्या आत-बाहेर पुन्हा भरती. ओहोटी या दोन्हींच्या मधे.

हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघावं. पण मोबाइल बंद पडला तर पाऊणपटीचा हिशेब कामाला येतो.

उधाण आणि भांग

तिथीवरून दुसरी एक गोष्ट कळते, ती म्हणजे पाण्याचा जोर. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी जास्त उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते. पाणी कमी चढतं, कमी उतरतं. याला भांग म्हणतात.

गरवणाऱ्यासाठी याचा अर्थ काय? उधाणाला पाण्याला ओढ जास्त असते. गरीला बांधलेलं शिसं तळावर टिकत नाही, तंगूस तिरका वाहत जातो आणि खडकात अडकून तुटतो. मग शिसं वाढवायचं किंवा पाणी थांबायची वाट बघायची. भरती पूर्ण झाली की ओहोटी सुरू होण्याआधी पाणी थोडा वेळ थांबतं. त्या थांबण्याच्या आधी आणि नंतरच्या वेळेला मासा गरीला चांगला लागतो, असा बहुतेकांचा अनुभव. म्हणूनच ‘पाण्याक वढ हा’ एवढं एक वाक्य ऐकलं की दुसरा होडीवाला समजून जातो की आज जड शिसं न्यायला हवं.

उधाणाचा आणखी एक धोका आहे. खाडीच्या मुखावर रेतीचा बार असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून वाऱ्याच्या लाटा आल्या तर तिथे पाणी फुटतं. समुद्रात काही झालं नाही आणि घराजवळ येऊन होडी उलटली, असं बारावरच घडतं. जुने लोक अशा वेळी आत घुसायची घाई करत नाहीत. बाहेर नांगर टाकून भरती सुरू होईपर्यंत थांबतात.

पहाटे का जातात, दुपारच्या आत का येतात

यामागे वाऱ्याचा हिशेब आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र मात्र उबदार राहतो. त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. याला मतलई वारा म्हणतात. हा वारा होडीला बाहेर जायला मदत करतो आणि किनाऱ्याजवळ पाणीही शांत ठेवतो. दिवस वर आला की जमीन तापते आणि वारा उलटा होतो, समुद्राकडून जमिनीकडे. दुपारनंतर तो जोर धरतो. उन्हाळ्यात तर वायव्येकडून येणारा वारा संध्याकाळपर्यंत लाटा उठवतो.

शिडाच्या दिवसांत जाताना मतलई आणि येताना समुद्री वारा, असं गणित होतं. आता इंजिनं आली, तरी वेळापत्रक तेच राहिलं. कारण लहान होडीला दुपारच्या लाटेत इंजिनही फार साथ देत नाही. पेट्रोल जास्त जातं, पाणी आत येतं.

पहाटे मतलई पडलीच नाही, किंवा सकाळीच ढग बांधून वारा दक्षिणेकडे फिरला, तर होडीवाले सावध होतात. हे अनुभवाचं ज्ञान आहे आणि ते खरोखर उपयोगी आहे. पण त्याला एक मर्यादा आहे. शेकडो किलोमीटर लांब तयार होणारं वादळ बंदरावर उभं राहून दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक बोटींनी देवगड बंदराचा आसरा घेतला होता. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने तर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर बोटी, घरं आणि बागांचं मोठं नुकसान केलं. म्हणून अनुभव आणि हवामान खात्याचा इशारा, दोन्ही लागतात.

इशारा साधारण अशा शब्दांत येतो : ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे, झोत ६५ किलोमीटरपर्यंत. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ यातला पहिला आकडा सतत वाहणाऱ्या वाऱ्याचा आणि झोताचा आकडा मधेच येणाऱ्या जोराच्या झटक्याचा. लहान होडी उलटते ती बहुतेक या झटक्याने. त्यामुळे पहिला आकडा बघून ‘एवढ्या वाऱ्यात आम्ही गेलोय’ असं म्हणू नये. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला तर त्याचा अर्थ बंदराच्या परिसरातच वादळी वारे येण्याची शक्यता आहे. तेव्हा लहान होडीने बाहेर पडायचा प्रश्नच नाही.

मासळी कुठे, हे उपग्रह कसं सांगतो

हल्ली गप्पांत ‘हैदराबादचा मेसेज’ असा शब्द ऐकू येतो. हैदराबादला ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. ती समुद्रात मासळी मिळण्याची शक्यता असलेल्या जागा कळवते. ही माहिती मराठीतही मिळते.

उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याला दिसतं ते पाण्याचं तापमान आणि पाण्याचा रंग. जिथे थंड आणि गरम पाणी एकमेकांना भेटतं, जिथे पाण्यात हिरवं शेवाळी सूक्ष्म वनस्पतीजीवन जास्त आहे, तिथे बारीक मासळी खायला जमते. तिच्या मागे बांगडा, इसवण म्हणजे सुरमई, कुपा येतात. म्हणून त्या जागेची दिशा, किनाऱ्यापासूनचं अंतर आणि खोली कळवली जाते. ढगाळ दिवसांत उपग्रहाला पाणी नीट दिसत नाही, तेव्हा ही माहिती येत नाही. बंदीच्या काळातही ती दिली जात नाही.

लहान होडीवाल्याने यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. संदेशातली जागा पुष्कळदा बरीच लांब असते. आपली होडी आणि इंजिन तिथवर जाऊन परत येण्याच्या ताकदीचं आहे का, हे आधी बघावं. खडकावरच्या तांबोशीला या संदेशाचा फारसा उपयोग नाही. तो वर-वर फिरणाऱ्या थव्याच्या मासळीसाठी आहे.

मासळी मिळाली, पण पैसे किती?

किनाऱ्यावर आल्यावर गप्पांचा विषय बदलतो. लिलावात काय दर बोलला, बर्फ पुरला का, पेट्रोल किती गेलं. पद्धत साधारण अशी असते. विक्रीतून आधी पेट्रोल, बर्फ आणि आमिषाचा खर्च वजा होतो. उरलेल्याचे वाटे पडतात. माणसांचे वाटे असतात, तसा होडीचा आणि इंजिनाचाही वाटा असतो. मासळी कमी आली तरी खर्च तेवढाच राहतो. म्हणून वाईट दिवशी घरी फक्त कालवण येतं, तेव्हा ते उत्तर खरं असतं.

दर ठरवण्यात समुद्रापेक्षा जमिनीचा हात मोठा असतो. बुधवार, शुक्रवार, रविवारी गिऱ्हाईक जास्त. श्रावणात आणि गणपतीत मागणी पडते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजार ओस. एप्रिल-मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक आले की सुरमईला हात लावता येत नाही. गरीवाला याचा विचार करूनच कधी जायचं ते ठरवतो.

गरीच्या मासळीला जाळ्यातल्या मासळीपेक्षा चांगला दर मिळू शकतो. कारण ती एकेक करून वर येते, चेंगरत नाही आणि ताजी असते. पण हा फायदा बर्फावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत जितकी मासळी तितका बर्फ, म्हणजे एकास एक, हे प्रमाण धरावं असं सांगतात. अनेक जण बर्फात काटकसर करतात आणि लिलावात त्याच्या दुप्पट पैसे घालवतात. मासा वर आला की लगेच सावलीत, बर्फात गेला पाहिजे. होडीच्या तळाच्या पाण्यात लोळत पडलेला मासा दोन तासांत मऊ पडतो.

आणखी एक मुद्दा आकाराचा. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. सुरमईसाठी तो ३७० मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेदोन वीत. यापेक्षा लहान पकडू नये, असा नियम. कारण एवढ्या वाढीच्या आत मासा एकदाही अंडी घालत नाही. गरीवाल्याला हा नियम पाळणं इतरांपेक्षा सोपं आहे. लहान मासा लागला तर गरी काढून जिवंत सोडता येतो. जाळ्यातला मासा वर येईपर्यंत बहुतेक मेलेला असतो.

राग कशाचा आहे

गप्पा रंगात असताना एक विषय निघाला की आवाज चढतात. एलईडीच्या उजेडावर चालणारी मासेमारी. रात्री समुद्रात प्रखर दिवे लावले की लांबलांबची मासळी उजेडाकडे खेचली जाते. मग मोठं जाळं टाकून सगळा थवा एकदम उचलतात. मोठी मासळीही येते, बारीक पिल्लंही येतात. अशा मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने त्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले होते. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंडही वाढवले गेले.

तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो, अशी तक्रार किनाऱ्यावर ऐकायला मिळते. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. लहान होडीवाला या हद्दीच्या आत, पुष्कळदा पाच-सहा मैलांतच असतो. जी मासळी फिरत फिरत किनाऱ्याकडे यायची ती बाहेरच उचलली गेली तर त्याच्या गरीला काही लागत नाही. त्याच्याकडे मासळीच्या मागे लांब जायचा पर्याय नसतो. रागाचं मूळ यात आहे.

पावसाळी बंदीचीही अशीच चर्चा होते. १ जून ते ३१ जुलै यंत्रावर चालणाऱ्या नौकांना समुद्रात बंदी असते. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. पण इंजिन लावलेली लहान होडी बंदीत बाहेर काढली आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाई मिळत नाही. त्या दोन महिन्यांत बरेच जण खाडीत गरवतात, कुणी कुर्ल्या पकडतो, कुणी भातलावणीला जातो.

कोण अजून आलेलं नाही?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वी होड्या एकत्र जायच्या आणि एकत्र यायच्या. एक जण मागे राहिला तर लगेच कळायचं. ‘तो अजून येवक नाय रे’ हे वाक्य बंदरावर कुणी उच्चारलं की दोन होड्या उलट्या फिरायच्या. कुणाचा नियम नव्हता, कुणी पगार देत नव्हतं. गप्पांतूनच हे चालायचं.

आता चित्र बदलत आहे. मुलगा गोव्यात नोकरीला, भाऊ पर्यटकांच्या होडीवर. त्यामुळे अनेक जण एकटेच गरवायला जातात. फायबरची हलकी होडी, मागे इंजिन, खिशात मोबाइल. सोय झाली, पण कोण कुठे गेला हे दुसऱ्याला माहीत नसतं. जागा लपवायची म्हणून कुणी सांगतही नाही. आणि किनाऱ्यापासून काही मैलांवर रेंज गेली की घरून कितीही फोन केले तरी ‘फोन लागणा नाय’ एवढंच हाती येतं.

एकटा माणूस होडीतून पाण्यात पडला तर होडी वाऱ्याने पुढे निघून जाते. चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही. इंजिन बंद पडलं तर मतलई वारा होडीला आणखी बाहेर नेतो. घरचे दुपारपर्यंत वाट बघतात, मग संध्याकाळपर्यंत. शोध सुरू होतो तेव्हा अंधार पडलेला असतो आणि नेमकं कुठे शोधायचं तेच माहीत नसतं. समुद्रात एक-एक तास महत्त्वाचा असतो.

यावर उपाय महागडे नाहीत. बंदरांवरच्या जुन्या पद्धतीतूनच ते निघतात :

• निघताना घरी किंवा शेजारी दोन गोष्टी सांगा. कुठल्या दिशेला जातो आणि किती वाजेपर्यंत येतो. खडक सांगू नका, दिशा सांगा. ‘अकरापर्यंत इलंय नाय तर बघा’ एवढं पुरे.

• लाइफ जॅकेट अंगात घाला. होडीत उशाला ठेवलेलं जॅकेट पडलेल्या माणसाच्या कामाचं नाही.

• एकट्याने जात असाल तर इंजिन बंद करणाऱ्या दोरीचं टोक मनगटाला बांधा. माणूस पडला की इंजिन थांबतं. ज्या इंजिनांना ही दोरी असते त्यांवर पुष्कळांनी ती काढून टाकलेली असते.

• वल्हं, नांगर आणि पुरेसा दोर इंजिन असलं तरी सोबत ठेवा. इंजिन बंद पडल्यावर नांगर टाकला तर होडी जिथल्या तिथे राहते आणि शोधणाऱ्याला सापडते.

• मोबाइल प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवा. संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

• होडीची नोंदणी आणि ओळखपत्र नीट ठेवा. पुढच्या सगळ्या योजना त्यावरच अडतात.

कागद कुठले हवेत

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे. वय १८ ते ७० वर्षं. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख रुपये आणि अपघातानंतर रुग्णालयातल्या उपचारासाठी २५ हजार रुपयांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, मच्छीमाराला पैसे भरावे लागत नाहीत. पण नाव यादीत असावं लागतं. आपल्या मच्छीमार सोसायटीत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन नाव आहे का ते एकदा बघून घ्या. ‘सोसायटीन घातला असतला’ असं धरून चालू नका.

किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. बर्फ, पेट्रोल, जाळी-तंगूस या रोजच्या खर्चासाठी ते उपयोगी आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शेतकऱ्यांसारख्या वीजदर, कर्ज आणि विम्याच्या सवलतींचा रस्ता मच्छीमारांसाठी उघडला आहे. केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंदणी करून ठेवली तर पुढे सोपं जातं. ही नोंदणी गावातल्या सीएससी केंद्रावर होते.

हे सगळे कागद तरुण मुलांनी मोबाइलवर बघून आपल्या वडिलांना, काकांना समजावून सांगायला हवेत. आणि वडील-काकांनी खुणा, तिथी आणि बारावरचं पाणी मुलांना समजावून सांगायला हवं. दोघांकडे अर्धी-अर्धी माहिती आहे.

बंदरावर बसून गप्पा मारणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणण्याची सवय आपल्याला आहे. पण ‘वारो कसो आसा’, ‘कोण बाहेर हा’, ‘कधी येतलो’ हे प्रश्न जोवर बंदरावर रोज विचारले जातात, तोवर समुद्रात गेलेल्या माणसाच्या मागे कुणीतरी आहे. उद्या सकाळी कुणी होडी ढकलताना दिसला तर त्याला मासळीचं नंतर विचारा. आधी विचारा, ‘किती वाजता येतलस?’